लेवी बॉडी डिमेन्शिया ओळखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतले लेवी बॉडीविषयीचे इथे एकत्र केले आहेत. (डिमेन्शिया म्हणजे बुद्धीच्या बिघाडामुळे रोजचे व्यवहार अडू लागणं.) प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. या आजाराचं निदान बरंचसं घरात काय घडतं यावरून होतं, त्यामुळे लक्षणं आधी आणि तपासण्या नंतर आल्या आहेत. इथलं वाचून कुठलीही गोळी स्वतःहून बंद किंवा सुरू करू नका. मात्र घरात भास होणारं म्हातारं माणूस असेल तर प्रश्न १० आधी वाचा.

१. लेवी बॉडी डिमेन्शिया म्हणजे काय? आम्ही हे नाव आजवर ऐकलंच नव्हतं.

मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याची घडी बिघडून पेशींत गुठळ्या साचू लागल्या की पेशींचं काम मंदावतं आणि पुढे थांबतं. या गुठळ्यांना लेवी बॉडीज म्हणतात. फ्रेडरिक लेवी या जर्मन डॉक्टरांनी १९१२ साली पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांच्या मेंदूत त्या पहिल्यांदा नोंदवल्या. त्या मेंदूच्या वरच्या थरात पसरल्या की डिमेन्शिया होऊ शकतो, हे जपानचे मनोविकारतज्ज्ञ केंजी कोसाका यांनी १९७६ पासूनच्या आपल्या लेखनातून दाखवलं. निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष १९९६ साली आले. आज वापरात आहेत ते २०१७ चे.

पेशी झिजून होणाऱ्या डिमेन्शियांत अल्झायमरच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. तरी आपल्याकडच्या फायलींवर हे नाव फारसं दिसत नाही. अल्झायमर, पार्किन्सन, नैराश्य किंवा नुसतंच ‘वयोमानानुसार’ असं लिहिलेलं असतं. आणि घरात तर ‘म्हातारचळ’ म्हटलं की चर्चाच संपते.

२. आईला जुनं-नवं सगळं आठवतं. मग डिमेन्शिया कसा असेल?

असू शकतो. विस्मरण म्हणजेच डिमेन्शिया ही समजूत अल्झायमरवरून आलेली आहे. तिथे सकाळी काय खाल्लं हे दुपारी आठवत नाही, आठवण करून दिली तरी नाही. लेवी बॉडीत सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते. आधी ढासळतं ते लक्ष, नियोजन आणि डोळ्यांनी पाहिलेल्याचा अंदाज.

घरात हे कसं दिसतं? वर्षानुवर्षं पुरणपोळी करणाऱ्या बाईला आधी काय आणि नंतर काय हे जुळेनासं होतं. ब्लाउजच्या बाहीत हात जात नाही. खुर्चीवर बसताना कडेला बसतात, जिन्याची पायरी कुठे संपते ते कळत नाही, कप टेबलाच्या काठावर ठेवला जातो. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकते. मग आपण चष्म्याचा नंबर बदलून आणतो आणि तरीही फरक पडत नाही. तसं झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

३. सोमवारी बाबा पेपर वाचून राजकारणावर वाद घालतात, मंगळवारी मला ओळखत नाहीत. नाटक करतात का?

नाही. असा चढ-उतार हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे. तो दिवसागणिक असतो, कधी तासागणिक. आणि घरात सर्वाधिक भांडणं होतात तीही याच्यामुळे, कारण ‘काल जमलं मग आज का नाही?’ हा प्रश्न कुणालाही पडणारच.

चढ-उतार म्हणजे नेमकं काय, ते सांगणं कठीण जातं. म्हणून चार गोष्टी पाहा. रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसभर गुंगी, मरगळ असते का? दिवसा दोन तास किंवा त्याहून जास्त झोपतात का? बराच वेळ शून्यात बघत बसतात का? बोलणं मध्येच असंबद्ध, तुटक होतं का? यांतल्या तीन किंवा चार गोष्टी असतील तर लेवी बॉडीची शंका बळावते. अल्झायमरमध्येही बरे-वाईट दिवस असतात, संध्याकाळी गोंधळ वाढतो. पण असं एकदम लख्ख होऊन पुन्हा झाकोळणं तिथे कमी.

४. सासऱ्यांना संध्याकाळी खोलीत लहान मुलं दिसतात. शेजारी म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. काय समजायचं?

आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न हाच.

लेवी बॉडीतले भास बहुधा डोळ्यांचे असतात आणि ते स्पष्ट, तपशीलवार असतात. लहान मुलं, अनोळखी माणसं, मांजर-कुत्रा, उंदीर, किडे. माणसाने कपडे कुठल्या रंगाचे घातलेत तेसुद्धा सांगता येतं. ही मंडळी सहसा बोलत नाहीत, नुसती असतात. पुन्हा पुन्हा येतात. सुरुवातीला पुष्कळ रुग्णांना त्यांची भीतीही वाटत नाही. आजोबा शांतपणे ‘त्या पोरांना पण चहा दे’ म्हणतात आणि घाबरतं ते घर.

याच्या आधीची पायरी म्हणजे एकाचं दुसरं दिसणं: खुंटीवरचा सदरा माणूस वाटतो, पडद्याच्या नक्षीत चेहरे दिसतात. कुणीतरी मागे उभं असल्याची किंवा बाजूने गेल्याची जाणीव होते. हे कुणी आपणहून सांगत नाही, लोक वेडा म्हणतील या धास्तीने. तेव्हा विचारताना ‘तुम्हाला भास होतात का?’ असं विचारू नका. ‘कधी खोलीत कुणी असल्यासारखं वाटतं का?’ असं सहज विचारा.

दिवंगत आई-वडील दिसले की घरात पितरांचा विषय निघतो. श्राद्ध करायचं तर करा, त्याने कुणाचं बिघडत नाही. पण मांत्रिकाकडे नेऊन धुरी देणं, उपाशी ठेवणं, आधीच्या गोळ्या बंद करणं यात जीव जाऊ शकतो.

भास होत असताना वाद घालू नका आणि दुजोराही देऊ नका. ‘मला दिसत नाहीत, पण तुम्हाला त्रास देत असतील तर आपण बाहेरच्या खोलीत बसू’, एवढं पुरतं. दिवा लावा, अंधुक उजेडात भास वाढतात. नजर कमी झालेल्यांसाठी प्रश्न १२ वेगळा आहे.

५. हे झोपेत ओरडतात, लाथा मारतात. एकदा मला चांगलंच लागलं. त्याला दहा-बारा वर्षं झाली. याचा संबंध आहे का?

बहुधा आहे. स्वप्नं पडतात त्या झोपेच्या टप्प्यात शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे स्वप्नात पळालो तरी पाय हलत नाहीत. ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्न प्रत्यक्षात करू लागतो: चोराला मारतो, कुत्र्याला हाकलतो, पलंगावरून उडी मारतो. डॉक्टर याला रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात. विसरभोळेपणा किंवा थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी हे दिसू शकतं, आणि २०१७ च्या निकषांत त्याला मुख्य लक्षणाचा मान मिळाला आहे.

हे ठाऊक असतं ते शेजारी झोपणाऱ्याला. रुग्णाला स्वतःला पत्ताही नसतो. आपल्याकडे वय झाल्यावर नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपतात, किंवा जोडीदार गेलेला असतो, आणि हा पुरावा हरवतो. मुलांनी आईला नेमकं विचारावं: ‘बाबा झोपेत हातवारे करायचे का?’

दोन अपवाद. घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसालाही झोपेत अशी धडपड होते, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे सुरू होऊ शकतं. शंका असेल तर रात्रभराची झोपेची तपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, खुलासा करते. तोवर पलंगाजवळचं टेबल, काच, तांब्या हलवा.

६. हात थरथरत नाहीत, म्हणजे पार्किन्सनसारखं काही नाही ना?

थरथर नसली तरी पार्किन्सनची बाकीची लक्षणं असू शकतात. लेवी बॉडीत थरथर तुलनेने कमीच. हालचाली मंदावतात, अंग ताठर होतं, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आवाज बारीक होतो, पावलं छोटी पडतात, वळताना तोल जातो. घरचे म्हणतात, ‘गुडघे दुखतात म्हणून असे चालतात’. कधी ते खरंही असतं. म्हणून डॉक्टरांनी मनगट-कोपर हलवून ताठरपणा पाहिला का, चालवून पाहिलं का, याकडे लक्ष द्या.

पार्किन्सनच्या जुन्या रुग्णालाही पुढे डिमेन्शिया होतो. दोन्हींत फरक करायला एक वर्षाचा संकेत वापरतात: बुद्धीचा बिघाड हालचालींच्या बिघाडाआधी किंवा त्यापासून एका वर्षाच्या आत आला तर लेवी बॉडी डिमेन्शिया, आणि पार्किन्सन वर्षाहून अधिक काळ असताना नंतर आला तर पार्किन्सन्स डिमेन्शिया. मेंदूत घडतं ते जवळपास एकच. त्यामुळे फाइलवर कुठलं नाव आहे यावरून घरी वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न १० मधली खबरदारी दोघांनाही लागू आहे.

७. डॉक्टर निदान नेमकं कशावरून करतात?

आधी डिमेन्शिया आहे हे ठरायला हवं, म्हणजे बुद्धीच्या बिघाडामुळे रोजचे व्यवहार अडायला लागलेले असावेत. मग चार मुख्य लक्षणं पाहतात: चढ-उतार (प्रश्न ३), डोळ्यांचे वारंवार भास (प्रश्न ४), झोपेतली धडपड (प्रश्न ५) आणि पार्किन्सनसारखी हालचाल (प्रश्न ६). यांतली दोन असली की फाइलवर ‘प्रॉबेबल’, म्हणजे दाट शक्यता, असं लिहितात. एकच असेल पण प्रश्न ८ मधल्या तीन खास तपासण्यांपैकी एखादी जुळली, तरीही ‘प्रॉबेबल’. लक्षण एकच आणि तपासणीचा आधार नाही, किंवा तपासणी जुळते पण मुख्य लक्षण एकही नाही, तर ‘पॉसिबल’, म्हणजे नुसती शक्यता.

चारही मुख्य लक्षणं घरच्यांना विचारून आणि रुग्णाला बघून कळतात. महागड्या यंत्राशिवाय निदान होऊ शकतं, तालुक्याच्या ठिकाणीही; विचारायला वेळ हवा आणि सांगणारा हवा.

बाकी पुष्कळ गोष्टी आधार देतात पण एकट्या पुरेशा नसतात: वारंवार पडणं, शुद्ध हरपणं, बद्धकोष्ठ, वास न येणं, दिवसा अति झोप, उदासी, संशय.

८. एमआरआय नॉर्मल आला. मग आता?

एमआरआय साधारण असणं हे या आजाराच्या विरोधात जात नाही. उलट अल्झायमरमध्ये आठवणींशी संबंधित कानशिलाकडचा आतला भाग लवकर आक्रसतो, तो इथे बऱ्यापैकी टिकून असतो. म्हणजे तोही एक आधार. एमआरआय किंवा सीटी मुख्यतः दुसरं काही नाही ना हे पाहायला करतात: लहान-मोठे पक्षाघात, गाठ, पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त, मेंदूत वाढलेलं पाणी. शेवटच्या दोन गोष्टींवर शस्त्रक्रियेने उपाय होऊ शकतो, म्हणून ही पायरी गाळू नये.

रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड, सोडियम, साखर, किडनी-यकृत आणि बी-१२ हवंच. शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडतं, आणि वर्षानुवर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर आणखी. पण ते कमी निघालं म्हणजे कारण सापडलं असं धरून बाकीचं थांबवू नका. इंजेक्शनांचा कोर्स करूनही भास आणि चढ-उतार तसेच राहिले तर पुढे जायला हवं.

खास तपासण्या तीन. मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे हालचालींसाठी लागणाऱ्या रसायनाच्या, वाहतुकीचा स्कॅन, जो आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत ‘ट्रोडॅट’ नावाने होतो. हृदयाच्या मज्जातंतूंचा एमआयबीजी स्कॅन, जो जपानमध्ये बराच रुळला आहे. मधुमेह, हृदयविकार आणि काही औषधांमुळे तो फसवू शकतो. तिसरी झोपेची तपासणी. स्कॅन सगळ्यांना लागत नाही. लक्षणं ठळक असतील तर त्याने उपचार बदलत नाहीत. अल्झायमर की लेवी बॉडी हे खरोखर अडलं असेल तेव्हा तो उपयोगी.

पाठीतलं पाणी किंवा त्वचेचा तुकडा काढून अल्फा-सिन्युक्लिन शोधण्याच्या चाचण्याही आल्या आहेत. अमेरिकेतले मराठी वाचक त्यांच्याविषयी विचारतात. तिथे त्या मिळतात, पण त्याही लक्षणांच्या जोडीनेच वाचायच्या असतात.

९. मी न्यू जर्सीत आहे. आई व्हिडिओ कॉलवर छान बोलते, दवाखान्यातही ३० पैकी २६ गुण मिळाले. पुण्यातला भाऊ मात्र म्हणतो ती फार बिघडली आहे. खरं कोणाचं?

बहुधा भावाचं. अनोळखी माणूस, डॉक्टर किंवा परदेशातलं लेकरू समोर आलं की रुग्ण सगळी शक्ती एकवटून थोडा वेळ नीट वागू शकतो. कॉल संपल्यावर दोन तास झोपतो, ते कॅमेऱ्यात येत नाही.

गुणांचं म्हणाल, तर ३० गुणांच्या जुन्या चाचणीत स्मरण, दिवस-तारीख आणि भाषेला जास्त वजन आहे. लेवी बॉडीचा रुग्ण त्यात निभावून नेतो. गुण गेले कुठे ते पाहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढता आले का? घड्याळाची चाचणी वेगळी घेतली असेल, तर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवता आली का? शंभरातून सात-सात वजा करता आले का? बाकी सगळं बरोबर आणि चित्रं पार कोलमडलेली, असं असेल तर तो कागद जपून ठेवा. मात्र आयुष्यात पेन्सिल फारशी न धरलेल्या माणसाच्या चित्रावरून निष्कर्ष काढू नये. आणि चाचणी मराठीतून झाली का, हेही विचारा. इंग्रजीत किंवा अर्ध्याकच्च्या हिंदीत घेतलेले गुण आम्ही फारसे मोजत नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची साधी नोंद न्या: तारीख, वेळ, काय झालं. एखादा चांगला आणि एखादा वाईट प्रसंग मोबाइलवर टिपा, चालतानाचा आणि झोपेतलाही. सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत भरून न्या, काढे आणि चूर्णांसकट. आणि रुग्णासमोर त्यांच्याच तक्रारी मोठ्याने वाचू नका. आधी चिठ्ठी आत पाठवा किंवा पाच मिनिटं वेगळी मागून घ्या.

१०. बाबा रात्री आरडाओरडा करत होते म्हणून गोळी दिली. दोन दिवसांत लाकडासारखे ताठ झाले, गिळताही येईना. असं का झालं?

भास आणि आक्रमकपणासाठी वापरली जाणारी हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिनला अडवतात. लेवी बॉडीत ते आधीच तुटपुंजं असतं. त्यामुळे एरवी किरकोळ समजल्या जाणाऱ्या मात्रेनेही अंग आखडणं, गुंगी, गोंधळ, गिळता न येणं असं होऊ शकतं. न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी १९९२ साली हे ठळकपणे मांडलं. त्यांच्या पाहणीत अशी औषधं मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तीव्र त्रास झाला होता आणि काही दगावले होते. ताठरपणाबरोबर ताप आला, शुद्ध कमी झाली तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि कुठली गोळी, कधी दिली ते सांगा.

निदान आधी झालेलं असेल तर हा प्रसंग टळतो. म्हणूनच या आजारात ‘नाव कळून काय करायचंय, वयच झालंय’ हे म्हणणं आम्हाला मुळीच पटत नाही.

धोका फक्त मनोविकाराच्या औषधांत नाही. उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करेसाठीचं प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल या नावाने घराघरांत ओळखलं जातं) डोपामिनच अडवतात. दुसरा गट ॲसिटिलकोलिन, म्हणजे लक्ष आणि स्मरणासाठी लागणारं मेंदूतलं रसायन, अडवणाऱ्या औषधांचा. त्यांनी गोंधळ आणि भास वाढतात. थरथरीसाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल (पॅसिटेन), लघवीच्या घाईसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, अंगाला खाज सुटली म्हणून घेतलेलं हायड्रॉक्सिझिन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन हे सगळे त्यातले. औषधाच्या दुकानातून तोंडी मागून आणलेल्या गोळ्यांत यांतलं काहीतरी बरेचदा निघतं.

चालू असलेली गोळी मात्र एकदम तोडू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. भास अगदीच असह्य असतील तर तज्ज्ञ क्वेटियापिनसारखं औषध अगदी कमी मात्रेत, लक्ष ठेवून देतात. रुग्णाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: आजाराचं नाव आणि ‘हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रामाइड देऊ नये’. मोतीबिंदूपासून खुब्यापर्यंत कुठल्याही शस्त्रक्रियेआधी ती भूलतज्ज्ञांना दाखवा.

११. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजी एकदम भ्रमिष्टासारखी वागायला लागली. हा तोच आजार का?

कदाचित नाही. वृद्ध माणसाला ऑपरेशन, लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, लघवी तुंबणं किंवा नव्या औषधाने काही तासांत गोंधळ उडू शकतो. त्याला डिलिरियम म्हणतात आणि कारण सापडलं तर तो ओसरतो, जरी कधी आठवडे लागतात.

दिसायला मात्र तो लेवी बॉडीसारखाच: चढ-उतार, भास, गुंगी. फरक आधीच्या इतिहासात. ऑपरेशनपूर्वी वर्षभर काही विचित्र नव्हतं आणि नंतर पूर्ववत झाली तर तो डिलिरियम. पण गोंधळ पुन्हा पुन्हा होतो, तपासण्यांत कारण मिळत नाही किंवा मागे वळून पाहता झोपेतली धडपड, पावलांतला फरक आठवतो, तर तो लेवी बॉडीचा पहिला इशारा असू शकतो. २०२० साली मांडलेल्या आजारपूर्व अवस्थेच्या संशोधन-निकषांत डिलिरियमने सुरू होणारा प्रकार वेगळा नोंदला आहे. नव्याने एकदम बिघडलेल्या कुठल्याही रुग्णाला, जुनं निदान असलं तरी, ‘आजारच वाढला’ म्हणून घरी ठेवू नका.

१२. आत्याला दोन्ही डोळ्यांनी फार कमी दिसतं. तिला फुलं, माणसं दिसतात पण बाकी डोकं तल्लख आहे. हेही लेवी बॉडी?

दृष्टी खूप कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. अशा माणसाला ही दृश्यं खोटी आहेत हे सहसा पक्कं ठाऊक असतं, चालणं-झोप-विचार ठीक असतात. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा आणि आत्याला वेड लागलेलं नाही हे तिला सांगा. सहा महिन्यांनी पुन्हा बघा: भास खरे वाटू लागले किंवा प्रश्न ७ मधलं दुसरं काही आलं तर मेंदूची तपासणी हवी.

१३. चक्कर येऊन पडतात, बद्धकोष्ठ जुनाट, लघवी आवरत नाही. तीन डॉक्टर झाले. हे सगळं वेगवेगळं आहे का?

कदाचित एकच. रक्तदाब, आतडी, मूत्राशय सांभाळणाऱ्या स्वयंचलित मज्जासंस्थेतही हे प्रथिन साचतं. बद्धकोष्ठ तर कैक वर्षं आधीपासून असतं.

घरी करता येईल असं एक काम: पाच मिनिटं आडवं पडल्यावर रक्तदाब मोजा, उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कुणीतरी धरायला हवं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या वयाच्या ऐंशीतही त्याच मात्रेत चालू आहेत, असंही पुष्कळदा आढळतं.

१४. बाबा आईला म्हणतात, ‘तू माझी बायको नाहीस, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणी आहेस.’ आई दिवसभर रडते.

जवळच्या माणसाच्या जागी तोतया आला आहे असं ठाम वाटणं, याला कॅपग्रा भ्रम म्हणतात आणि तो लेवी बॉडीत बऱ्यापैकी आढळतो. पन्नास वर्षांच्या संसारानंतर हे ऐकणं काय असतं ते आम्ही इथे लिहून समजणार नाही. पुरावे म्हणून लग्नाचा अल्बम दाखवला तर संशय वाढतो. आईंनी खोलीबाहेर जाऊन थोड्या वेळाने, आधी बाहेरूनच आवाज देत परत यावं. काहींना आवाजाने ओळख पटते.

काहींचा आजार उतारवयात पहिल्यांदाच आलेल्या तीव्र नैराश्याने किंवा संशयाने सुरू होतो. साठीपर्यंत मनाचा कुठलाही आजार नसलेल्या माणसाला अचानक तसं झालं, तर मनोविकारतज्ज्ञांना लेवी बॉडीविषयी नक्की विचारा, खास करून औषध सुरू करण्यापूर्वी (प्रश्न १०).

१५. पार्किन्सनची गोळी सुरू केल्यावर भास सुरू झाले. दोष गोळीचा की आजाराचा?

दोन्हींचा असू शकतो. लेव्होडोपा, आणि त्याहून जास्त प्रमाणात प्रॅमिपेक्सोल, ट्रायहेक्सिफेनिडिल, अमान्टाडिन यांनी भास होतात. पण कमी मात्रेतच आणि लवकर भास झाले तर तो लेवी बॉडीचा संकेत मानतात. डॉक्टर सहसा एकेक औषध क्रमाने कमी करून, शेवटी थोडंसं लेव्होडोपा ठेवतात. चालणं आणि डोकं यांत तडजोड करावी लागते.

इथे एक गोष्ट हमखास सांगायची राहते. खाजकुइलीच्या, म्हणजे कौंचबीजाच्या चूर्णात नैसर्गिक लेव्होडोपा असतं. कंपवातासाठी किंवा ताकदीसाठी ते चालू असेल तर ती मात्रा गोळीत मिसळते. आयुर्वेदिक आहे म्हणून यादीतून वगळू नका.

१६. आईला झाला, मला होईल का?

बहुतेक रुग्णांत हा थेट वारशाने येत नाही. जीबीए आणि एपीओई या जनुकांतल्या काही बदलांनी धोका वाढतो, पण निदानासाठी जनुकचाचणी लागत नाही. घरात दोन-तीन जणांना, तेही कमी वयात झाला असेल तरच तज्ज्ञांशी त्याबद्दल बोला.

१७. निदान झालं तरी बरा होत नाही म्हणता. मग धावपळ कशाला?

प्रश्न १० हे पहिलं उत्तर. दुसरं असं की रिव्हास्टिग्माइन आणि डोनेपेझिल या औषधांनी लक्ष, भास आणि चढ-उतार यांत बऱ्याच जणांना फरक पडतो. ती आजार थांबवत नाहीत. नाडी मंद असलेल्यांना जपून द्यावी लागतात, आधी ईसीजी काढतात. झोपेतल्या धडपडीवर मेलाटोनिन, तोल आणि चालण्यासाठी फिजिओथेरपी, घास अडकू नये म्हणून गिळण्याचा सराव.

आणि कागदपत्रं. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं, हे बहुतेकांना उशिरा कळतं. मृत्युपत्र, बँकेतलं संयुक्त खातं, पेन्शनची व्यवस्था हे सुरुवातीलाच, रुग्ण स्वतः समजून सही करू शकतो तेव्हा, डॉक्टरांचा दाखला जोडून उरका.

१८. आमच्या गावात न्यूरोलॉजिस्ट नाही. कुठे जायचं?

फिजिशियनपासून सुरुवात करा. रक्ताच्या तपासण्या, रक्तदाब, औषधांची छाननी तिथे होते. त्यानंतर एकदा तरी न्यूरोलॉजिस्ट किंवा वृद्धांचे मनोविकारतज्ज्ञ. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे विभाग असतात. जाण्यापूर्वी तिथे मेमरी क्लिनिक कुठल्या वारी असतं ते विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जात नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

१९. सगळं करूनही निदान चुकू शकतं का?

हो. अभिनेते रॉबिन विल्यम्स यांना २०१४ साली मृत्यूच्या काही महिने आधी पार्किन्सन असल्याचं सांगितलं गेलं होतं. लेवी बॉडीज मेंदूभर पसरल्याचं शवविच्छेदनात कळलं. त्यांना डॉक्टरांची किंवा पैशांची टंचाई नव्हती.

शिवाय पुष्कळ वृद्धांच्या मेंदूत लेवी बॉडीज आणि अल्झायमरचे बदल एकत्र असतात. अशांना विस्मरण जास्त आणि भास कमी, म्हणून ते अल्झायमरच्या रांगेत जाऊन बसतात. त्यामुळे ‘प्रॉबेबल’ हा शब्द टाळाटाळीचा नाही. जिवंतपणी यापेक्षा जास्त खात्री सहसा देता येत नाही. सहा-आठ महिन्यांनी नवी नोंदवही घेऊन पुन्हा दाखवा. तेव्हा निदान बदललं तर आधीच्या डॉक्टरांना लगेच नावं ठेवू नका; जे लक्षण तेव्हा आलंच नव्हतं ते त्यांना दिसणार कुठून? जुने कागद मात्र टाकू नका, तुलनेला तेच लागतात.